सायकली मधे येतात

टीव्हीवर सायकलची शर्यत बघताना सायकली मधे येतात, अशी तक्रार करणारा माणूस अख्ख्या जगात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. निवृत्तीतात्या. संध्याकाळी युरोपातली शर्यत सुरू झाली की तात्या खुर्ची टीव्हीपासून हातभर अंतरावर ओढतात, वर्तमानपत्राची घडी घालतात आणि ती पडद्याच्या मधोमध धरतात. म्हणजे सायकलवाले झाकले जातात आणि दोन्ही कडांचा रस्ता मोकळा राहतो. मग तात्या त्या कडा बघतात. तीन-तीन तास.

"बगा सर, बगा. घर हाय, दारात बाई हाय, दोरीवर कापडं हायत. आनि आले हे मधी, माकडावानी पाठी वर करून! दिसलं का काय? कव्हरेज शून्य!"

"तात्या, शर्यत सायकलींची आहे."

"मग आमी कुठं न्हाय म्हनतो? पळू द्या की त्यांना. पन दाखवायचं कशाला?"

यावर काय बोलायचं? मी बोलत नाही. मी कळसच्या शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे गप्प बसण्याची सवय आहे. शिवाय इंग्रजी येतं म्हणून तात्यांच्या खात्यात माझी बिनपगारी नेमणूक झालेली आहे. परदेशी चॅनेलांना तक्रारीचे ईमेल तात्या सांगतात आणि मी लिहितो. 'तुमच्या कॅमेरावाल्याला डोळं हायत का शर्टाची बटनं?' याचं मी 'आपल्या चित्रणाविषयी काही नम्र सूचना करण्याची इच्छा आहे' असं इंग्रजी करतो. तात्या चष्मा लावून बघितल्यासारखं करतात आणि विचारतात, "बटनं घातलं का?" मी म्हणतो, घातलं. खोटं बोलल्याचं मला काही वाटत नाही. नोकरीत याहून मोठं खोटं शेऱ्यांच्या वहीत लिहिलं आहे.

एकदा तिकडून उत्तर आलं. सायकलिंगवरच्या आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत, असं काहीसं. मी वाचून दाखवलं. तात्यांचा चेहरा पडला. "सायकलीवर कोन मेलं प्रेम करतंय? ह्यांना तक्रार कळलीच न्हाय. परत लिवा."

तात्यांच्या तक्रारी मात्र पक्क्या अभ्यासाच्या असतात, हे मान्य करायला हवं. हेलिकॉप्टर वर गेलं की हमखास किल्ला दाखवतात, यावर त्यांचा फार राग. "किल्लं आपल्याकडं काय कमी हायत? साधी घरं दाखवा की! किल्ल्यात आता ऱ्हातंय कोन?" पाऊस लागला की चित्र पोचवणारं विमान उडत नाही आणि चित्रच जातं, यावर त्याहून राग. "पावसातच बगायचं असतं मानूस काय करतोय ते." आणि कुणी एकटा पुढे निसटला, रस्ता जरा मोकळा झाला, की नेमकी त्याच वेळी बनियनची जाहिरात लागते. त्या वेळी तात्या जे बोलतात ते मी इथं लिहीत नाही. मला अजून काही वर्षं नोकरी करायची आहे.

शर्यत कोण जिंकलं, हे त्यांना कधीच माहीत नसतं. विचारलं तर म्हणतात, "जिंकलं असंल कुनीतरी. एकजन जिंकतोच."

या नादानं त्यांची भाषासुद्धा बिघडली. पंगतीत जेवून आले की सांगणार, "वांग्याचं कव्हरेज चांगलं हुतं, जिलबी नुसती लांबनं दाखवली." ग्रामसभा, बारशी, दहावे, सगळ्यांना एकच मोजमाप.

आता हे कशापायी, ते सांगतो. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही असं फक्त तात्यांना वाटतं.

तात्यांना एकच मुलगी, वैशाली. माझ्याच हाताखाली शिकली, पुढं इंजिनिअर झाली, बेल्जियमला गेली. जाण्याआधी तिनं मिलिंदशी लग्न केलं. मिलिंद पळसदेवचा, तिच्याच कॉलेजातला, हुशार, नम्र, नोकरीत तिच्या एक पायरी वर. एवढं असूनही तात्यांना तो चालेना, कारण मिलिंदचं भालेराव कुटुंब बौद्ध आहे. तात्या जात मानत नाहीत. हे त्यांनी ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर बसून कित्येकदा सांगितलं आहे, चौकातल्या जयंतीला हारसुद्धा घातला आहे. फक्त जावई म्हटल्यावर त्यांची मतं एकदम बारकाईची झाली. लग्न पुण्यात कोर्टात झालं. शालनकाकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, गेल्या. तात्या गेले नाहीत. "ती तिच्या घरी, मी माज्या घरी," एवढं बोलून त्यांनी पोरीचं नाव घ्यायचं सोडलं. याला सहा वर्षं झाली.

काकू दर रविवारी वैशूशी फोनवर बोलतात. त्या वेळी तात्या बाहेरच्या खोलीत शर्यत बघत असतात, आणि योगायोग असा, की दर रविवारी त्याच वेळेला त्यांना टीव्हीचा आवाज बंद करावासा वाटतो. "कॉमेंट्रीत दम न्हाय," म्हणतात. मग बंद आवाजाच्या टीव्हीसमोर तात्या मान तिरकी करून बसतात, कान आतल्या खोलीकडे.

त्यातच एका रविवारी काकूंच्या तोंडून आलं, की वैशूच्या दारावरून सायकलची शर्यत जाते म्हणे. दुसऱ्या दिवशी तात्या मोठा टीव्ही घेऊन आले. पहिले तीन आठवडे तर त्यांनी डोळ्यात तेल घालून भलताच देश बघितला. मी सांगितलं, "तात्या, हा फ्रान्स आहे. बेल्जियमची शर्यत वसंतात होऊन गेली."

तात्या जरा वरमले, पण हरले नाहीत. "शेजारीच हाय न्हवं? बाजाराला येत असंल ती हिकडं."

असा तो माणूस. बोलायचं नाही, पण दोरीवरचं कापड ओळखीचं दिसतं का ते बघायचं. आणि मधेच काकूंना ओरडून सांगायचं, "तिकडं आज आडवा वारा हाय म्हनावं! रस्त्याला खडी पसारलीय, गाडी हळू घ्या म्हनावं!" कुणाला म्हनावं, ते सांगायचं नाही. काकू निमूटपणे निरोप पोचवतात. या बाईच्या सहनशक्तीचं कव्हरेज कुठलंच चॅनेल दाखवत नाही.

यंदा हिवाळ्यात बातमी आली, की परदेशी सायकलवाल्यांची मोठी शर्यत आपल्याकडे होणार. बारामतीतून निघणार, कळसवरून पळसदेव, तिथून इंदापूर. आणि जगभर थेट प्रक्षेपण!

गावाला झटका आला. ज्या खड्ड्यांसाठी आम्ही वर्षानुवर्षं अर्ज केले ते आठ दिवसांत बुजले. रस्त्याच्या दोन्ही कडांना फ्लेक्स लागले. एकेका फ्लेक्सवर चाळीस चेहरे, खाली शुभेच्छुक, वर शुभेच्छुक, सायकलीचं चित्र कोपऱ्यात लिंबाएवढं. घरं, दारं, झाडं सगळी फ्लेक्सच्या मागे गडप. तात्या ते बघून कपाळाला हात लावून बसले.

"सर, ह्यात घर दिसनार न्हाय."

"कुणाचं घर?"

"कुनाचंबी," तात्या म्हणाले आणि रानाकडे चालू लागले.

तात्यांचा ऊस नुकताच तुटून गेला होता. ऊसतोडीची टोळी निघून गेली की रानात वाळलेला पाला पडून राहतो, त्याला पाचट म्हणतात. पिवळट पांढरी गादीच असते ती. तात्यांनी युरोपातल्या शर्यतीत बघितलं होतं, की तिकडचे शेतकरी रानात गवताच्या गाठोड्यांची मोठी चित्रं काढतात आणि हेलिकॉप्टर ती हमखास दाखवतं. किल्ल्यांखालोखाल तेच. तात्यांनी दाताळं घेतलं आणि एकट्यानं पाचट ओढायला सुरुवात केली. जिथं ओढलं तिथं काळी जमीन उघडी पडत गेली. वयाच्या सत्तरीत हा माणूस चार दिवस उन्हात पाला ओढत होता.

जमिनीवरून काही कळत नव्हतं, त्यामुळे गावाला भरपूर कळलं. कुणी म्हणालं, कारखान्याच्या निवडणुकीतलं चिन्ह काढतोय. कुणी म्हणालं, विहिरीची जागा आखतोय. सरपंच स्वतः येऊन गेले. "तात्या, काय बी काडा, पन खाली माझं नाव येऊ द्या."

"जागा न्हाय," तात्या म्हणाले.

"एवढं दोन एकर रान, आनि जागा न्हाय व्हय?"

"न्हाय."

मला राहवेना. मी पाण्याच्या टाकीवर चढलो. वरून बघितलं तर पाचटात काळीभोर तीनच अक्षरं होती, एकेक घराएवढं. 'वैशू ये.'

या माणसाची मी बारा महिने चेष्टा करतो. त्या दिवशी केली नाही. खाली आलो आणि काकूंना सांगितलं. काकूंनी पदर तोंडाला लावला, मग आत जाऊन फोन केला. काय लिहिलंय ते त्यांनी सांगितलं नाही, एवढंच म्हणाल्या, "वैशू, परवा टीव्ही बग. आपलं रान दिसंल. डोळं लावून बग."

तात्यांची आणखी एक धावपळ चालली होती. चॅनेलला एकच ईमेल, चार वेळा. 'कळसवर हेलिकॉप्टर बारामतीच्या अंगानं येऊ द्या, उलट्या अंगानं नको. आणि जाहिरात तेवढी तिथं लावू नका.' या खेपेला बटनं घालायला त्यांनी सांगितलं नाही. 'कृपया' घाला म्हणाले. दोनदा.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून रस्ता बंद. शाळेची पोरं झेंडे घेऊन रस्त्याकडेला. मी त्यांना दुसऱ्या मास्तरांच्या गळ्यात घालून तात्यांकडे आलो. सायकली तात्यांच्या दारावरून जाणार होत्या, दहा पावलांवरून, आणि तात्या दाराकडे पाठ करून टीव्हीपुढे बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा. काकू खांबाला टेकून उभ्या.

प्रक्षेपण सुरू झालं. आधी बारामतीचं व्यासपीठ दाखवलं. मग व्यासपीठावरचे पाहुणे. मग पाहुण्यांचे सत्कार. सायकलवाले बिचारे थंडीत उघड्या पोटऱ्यांनी थांबले होते, आणि शाली व्यासपीठावर वाटल्या जात होत्या. मग एकदाच्या सायकली सुटल्या. हेलिकॉप्टरमधून हिरवं रान दिसायला लागलं, पाणी दिसलं, आणि निवेदिका म्हणाली, निसर्गरम्य. ती पुढं दर मिनिटाला निसर्गरम्य म्हणत राहिली. शेजारी एक तज्ज्ञ बसले होते. त्यांचं पोट बघता ते सायकलीवर कधी बसले असावेत असं वाटत नव्हतं, निदान सायकलीला तरी तसं आठवत नसावं.

बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या. पोरं ओरडली. डोक्यावर हेलिकॉप्टरचा आवाज आला, पत्रे थरथरले.

"आलं!" तात्या उठून उभे राहिले. "शालन, हितं ये, हितं! आलं बग!"

आणि पडद्यावर सत्कार पुन्हा सुरू झाला. सकाळचाच. 'काही खास क्षण' म्हणून. बाहेर दारावरून जगातले शंभर सायकलवाले सर्रकन निघून चालले होते, छपरावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं, आणि तात्यांच्या टीव्हीवर एक पाहुणे दुसऱ्या पाहुण्यांना नारळ देत होते. त्यामागून पाइपची जाहिरात. त्यामागून सिमेंटची. त्यामागून उजनीच्या पाण्यातले फ्लेमिंगो, सावकाश, एका पायावर.

आवाज लांब गेला. पोरं घरी जायला लागली. पडद्यावर सायकली परत आल्या तेव्हा कळस मागं पडलं होतं.

तात्या खुर्चीत बसले. शिवी नाही, कव्हरेज नाही. मला ते बघवेना. चॅनेलवाला त्या वेळी समोर असता तर मी शिक्षकी पेशा विसरलो असतो.

तेवढ्यात पळसदेव आलं आणि एका सायकलवाल्याचं चाक बसलं. तो कडेला थांबला, कॅमेऱ्याची मोटारसायकलही थांबली, आणि थेट प्रक्षेपणात पहिल्यांदाच एक जागा नीट, स्थिर, मिनिटभर दिसली. मागं एक निळं दार, दारात तुळस नव्हती पण झेंडूच्या कुंड्या होत्या, आणि एक उंच म्हातारा पुढं येऊन मेकॅनिकच्या गाडीला हातवारे करत होता. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं, बास!" आवाज ऐकू येत नव्हता, पण शब्द हेच असणार. गाडीच्या टपावर त्यानं दोन थापा मारल्या. मग सायकलवाल्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"भालेराव हाय त्यो," तात्या म्हणाले.

मिलिंदचे वडील. निवृत्त एसटी कंडक्टर, तात्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्याच हातची तिकिटं घेतलेली. सहा वर्षांत तात्यांनी हे नाव पहिल्यांदा घेतलं.

काकूंचा फोन वाजला. स्पीकर त्यांना बंद करता येत नाही, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"आई, पळसदेवचे पप्पा दिसले! अगं, मिनिटभर दिसले, मिलिंद तर नाचतोय इथं!" मग आवाज खाली आला. "आई, आपलं रान नाही गं दाखवलं. मी पहाटे चारपासून उठून बसले होते. डोळासुद्धा मिटला नाही. नाहीच दिसलं."

काकूंनी तात्यांकडे बघितलं. तात्या भिंतीकडे बघत होते. फोन बंद झाला. तात्या उठले, टोपी घातली.

"सर, गाडी काढा."

"कुठं?"

"पळसदेवला. त्या भालेरावाला उभं ऱ्हायची अक्कल न्हाय. सांगून येतो."

रस्ता नुकताच मोकळा झाला होता. मोटारसायकलवर माझ्यामागं बसून तात्या अर्धा तास बोलत होते. म्हातारा कॅमेऱ्याकडं बघतच नव्हता. एकदा तरी हात करायचा. पोरगी तिकडनं बगतीय. तांब्या असा धरतात का? मी हं हं करत होतो. पळसदेव जवळ आलं तसे तात्या गप्प होत गेले, आणि निळ्या दारासमोर गाडी थांबली तेव्हा त्यांना उतरवेना.

भालेराव दारात कुंड्या सरळ करत होते. त्यांनी वर बघितलं, ओळखलं, हात झटकले. या म्हणाले नाहीत. जा म्हणाले नाहीत.

तात्या एकदाचे खाली उतरले. "टीव्हीवर दिसला तुमी. पाठच दिसली निस्ती."

"असंल," भालेराव म्हणाले. "चेहरा दाखवायला कुनी आलं नव्हतं आमच्याकडं."

तात्या गडबडले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "यायला उशीर झाला जरा. रस्ता बंद हुता."

"सहा वर्षं?"

मी इंजिन बंद केलं. तात्या जमिनीकडे बघत उभे.

"एसटीत एवढी गाडी लेट आनली असती," भालेराव म्हणाले, "तर मेमो हातात पडला असता."

"द्या मग," तात्या म्हणाले. "द्या मेमो. चुकलं माझं. लई चुकलं, भालेराव."

भालेराव 'असू द्या' म्हणाले नाहीत, आणि मला ते आवडलं. "चुकलंच," म्हणाले. मग दार पुरतं उघडलं आणि आत हाक मारली, "अगं, चहा टाक. तीन कप. व्याही आल्यात."

आत बसल्यावर त्यांनी मिलिंदला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल सरळ तात्यांच्या हातात दिला. जगभरच्या कॅमेरावाल्यांना अक्कल शिकवणाऱ्या तात्यांनी तो इतका जवळ धरला, की वैशू तिकडून म्हणाली, "कोण? मला नुसता कान दिसतोय." आणि मग, "तात्या?"

"रजा कधी मिळती तुला?" तात्या म्हणाले. सहा वर्षांनी पहिलं वाक्य हे.

तिकडून रडका आवाज. "एप्रिलात. पण तात्या, मिलिंद पण येईल."

"मग? येवड्या लांबनं एकटी येनार व्हय? त्याला घेऊनच ये. तुज्या आईला डोळं भरून बगायचाय." मग म्हणाले, "मलाबी."

"आधी हितं उतरायचं," भालेराव म्हणाले.

"हितं कशाला? कळस आधी लागतं."

"पुन्याहून हायवेनं आलं की पळसदेव आधी लागतं. तीस वर्षं तिकिटं फाडलीत मी ह्या रस्त्यावर."

"बारामतीवरनं येतील की!"

"वळसा घालून? लेकरं दमून आल्यावर?"

दोघंही हातवारे करायला लागले. मोबाईल तात्यांच्या हातात तसाच होता, कधी भिंतीकडं, कधी कपाकडं, शेवटी मांडीवर उताणा. वैशूला तिकडून बराच वेळ भालेरावांच्या घरातला छताचा पंखा तेवढा दिसत असणार. तिनं फोन ठेवला नाही.